एकच शेत, दोन मोजण्या

झेरॉक्सच्या दुकानातून कागद घेतले, की हरिदास फुलझेले दुकानाच्या पायरीवरच उभे राहून पानं मोजत. एकदा पुढून, एकदा मागून. दुकानदार आतून ओरडायचा, "काकाजी, मशीन मोजते ना पानं!"

"मशीन पानं मोजते. मशीनले कोन मोजते?"

"मी हाये ना."

"म्हनूनच त मोजून राह्यलो."

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघे गावातल्या त्या गल्लीत या उत्तरावर आता कोणी रागवत नसे. हरिदासजी चौतीस वर्षं भूकरमापक होते. म्हणजे ज्यांचा बांधावरून वाद आहे त्यांच्या शेतात साखळी घेऊन जायचं, हद्दीचे दगड शोधायचे आणि कुणाची जमीन कुठं संपते ते कागदावर सांगायचं. कारंजा घाडगेच्या संत्र्याच्या बागांपासून इकडे वर्ध्यापर्यंत त्यांनी एवढे बांध तुडवले होते, की त्यांच्या मते माणसांचे दोनच प्रकार उरले होते: दगड सरकवणारे आणि दगड सरकवायची अजून हिंमत न झालेले. मोजणीला आलेल्या माणसाला गावात चहा सगळे पाजतात, खरं कोणी सांगत नाही. त्यामुळे संशय हा हरिदासजींचा स्वभाव नव्हता, ते त्यांचं अवजार होतं. निवृत्तीच्या दिवशी साखळी कार्यालयात जमा झाली. संशय घरी आला.

घरी त्याला काम कमी पडायचं. गॅसचं सिलिंडर आलं की ते काट्यावर चढवायचे. शेजाऱ्यानं कंपाउंडची भिंत घातली तेव्हा यांनी टेप लावून चार इंच शोधून काढले, आणि ते चार इंच आपल्याच बाजूनं जास्त निघाले म्हणून तिसऱ्यांदा मोजले. त्यांची बायको तानाबाई उंबऱ्यावर सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसलेली. ती म्हणाली, "आता मले बी मोजून घ्या. लगन झालं तवाएवढीच हावो का कमी भरली, पाहा."

"तू वाढली."

"पाह्य! संशय नाई, डायरेक पुरावा!"

त्यांचा एक नियम होता. प्रत्येक हद्द दोनदा मोजायची, दोन टोकांकडून, दोन माणसांनी. आकड्यांत थोडा फरक यायचाच. ऊन असतं, जमीन वर-खाली असते, हात हलतो. तो थोडा फरक दिसला की हरिदासजींना बरं वाटायचं. पण दोन्ही मोजण्या तंतोतंत जुळल्या, की ते कागद बाजूला ठेवून विचारायचे, "दुसरी मोजणी कोनत्या झाडाखाली बसून केली?" प्रेमदास नावाच्या त्यांच्या जोडीदारानं एकदा हे ऐकून मान खाली घातली होती आणि सांगितलं होतं, "आंब्याच्या." त्या दिवसापासून नियम पक्का झाला.

अशा माणसाच्या घरात त्यांची मुलगी मेघा दिवसभर दार लोटून संगणकावर नुसते आकडे भरत असायची. ती मानसशास्त्रात एमएस्सी झालेली. काम बंगळुरूच्या एका संशोधन गटाचं, आणि गटाच्या प्रमुख अंकिता मॅडमना हरिदासजींनी कधी पाहिलं नव्हतं. ऑफिस नाही, शिपाई नाही, हजेरीचं रजिस्टर नाही. वर्तमानपत्रात रोज येतं, घरबसल्या काम देतो म्हणतात आणि पोरांना भलत्या धंद्याला लावतात. दोन आठवडे त्यांनी दाराबाहेरून कानोसा घेतला. तिसऱ्या आठवड्यात खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसले.

"मेघा, हे आकडे कायचे?"

"मेंदूतल्या जागांचे, बाबा."

"कोनाच्या मेंदूतल्या?"

"मले काय माहीत? लोकायले मशीनमधे झोपवते, त्यायले एक खेळ देते, समोरच्यावर भरोसा ठेवाचा का नाई असा. तवा मेंदूत कुठं हालचाल वाढली त्याचे फोटो निघते. मंग त्या जागा आकड्यात लिहिते. डावं-उजवं, मागं-पुढं, खाली-वर. तीन आकडे म्हन्जे एक बिंदू."

हरिदासजींचे डोळे बारीक झाले. तीन आकड्यांत जागा! म्हणजे मोजणीच की. "मंग तू काय करते?"

"एका पेपरात, म्हन्जे संशोधनाच्या एका लेखात, वीस-पंचवीस लोकच असते. तेवढ्यावरून काही सांगता नाई येत. म्हनून मी जगभरचे पेपर शोधते, त्यातले बिंदू काढते आन आमच्या डेटाबेसमधे भरते. मंग एक सॉफ्टवेअर हाये. ते एकेका बिंदूभोवती धूसर गोळा काढते. लोक कमी असले त गोळा पसरट, जास्त असले त आवळ. सगळ्या पेपरांचे गोळे एकावर एक ठेवते आन सांगते, कोन्या जागेवर योगायोगापेक्षा जास्त गर्दी हाये."

"मशीनच वाचून घेत नाई का हे पेपर?"

"तसे बी डेटाबेस हाये, हजारो पेपर मशीन वाचते. पन कधी वजाचं चिन्ह खाऊन टाकते. डावीकडचा बिंदू उजवीकडं जाऊन बसते."

"मले पहिलेच वाटलं," हरिदासजी म्हणाले. मशीनबद्दल त्यांना नेहमीच पहिलेच वाटलेलं असे. "आन विषय काय म्हनला?"

मेघानं क्षणभर ओठ दाबले. "संशय. मानूस संशय घेते तवा मेंदूत कुठं काय होते."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. तानाबाई पदरानं हात पुसत बाहेर आली. "त्यायले म्हना, मशीन कायले पाह्यजे? मी जागा दाखवतो. रोज मांडी घालून जेवाले बसते माह्यापुढं."

हरिदासजी हसले नाहीत. त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि मेघा पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून बसली. "हे मागं-पुढं, खाली-वर, हे कोन्या दगडापासून मोजते?"

तिनं सांगितलं, की त्यासाठी मेंदूचे प्रमाण नकाशे आहेत. मुख्य दोन. जुना नकाशा साठीतल्या एका बाईच्या मेंदूवरून केलेला, तिच्या मरणानंतर. नवा पुष्कळ लोकांच्या मेंदूंची सरासरी काढून. जुना थोडा लहान आहे, म्हणून एकाच जागेचे आकडे दोन्हीत वेगळे येतात. कोणत्या पेपरनं कोणता नकाशा वापरला ते नोंदवावं लागतं, मग सॉफ्टवेअर एकातून दुसऱ्यात बदलून घेतं.

"एका बाईच्या डोक्यावरून साऱ्या जगाची मोजनी?" हरिदासजी पुटपुटले. "तिच्या घरच्यायले तरी इचारलं का?"

पण त्या दिवसापासून ते तिच्या कामात शिरले. दुपारी कूलरसमोर दोघं बसत. मोजणीत असतं तसंच: एकानं आकडा पुकारायचा, दुसऱ्यानं तोच आकडा मोठ्यानं म्हणत लिहायचा. हरिदासजी छापील पानावरून पुकारत, "चोपन! वजा बावन! बावीस!" मेघा टंकत टंकत म्हणे, "चोपन, वजा बावन, बावीस." तिच्या चुका जवळजवळ संपल्या. अंकिता मॅडमनी तसं लिहूनही कळवलं. चार महिने बापलेकीचं उत्तम जमलं. मग हरिदासजींनी अश्वजितला फोन केला.

मेघाच्या गटात नियम होता, की प्रत्येक पेपर दोघांनी एकमेकांना न दाखवता भरायचा. मेघाच्या जोडीला होता नागपूरचा अश्वजित. महिन्याच्या शेवटी दोघांच्या नोंदी संगणक ताडून पाहायचा. त्या महिन्यात नऊशे आकड्यांत एकही फरक निघाला नाही. मेघानं आनंदानं ते घरात सांगितलं. हरिदासजींचा घास हातातच राहिला. एकही फरक नाही? त्यांनी मेघा आंघोळीला गेलेली पाहून तिच्या फोनमधून नंबर काढला.

"जय भीम. मी मेघाचा बाप बोलून राह्यलो."

"जय भीम, काकाजी! बोला ना."

"तू तुह्यी नोंद स्वता करते का तिची पाहून लिहिते?"

पलीकडून हसू आलं. "काकाजी, दोघं बी एकाच छापील पानावरून लिहितो. जुळनारच ना! नाई जुळलं तवा चूक असते."

"हं," हरिदासजी म्हणाले. शेत आणि छापील पान यांतला हा फरक त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. पण माघार घ्यायची सवय नव्हती. "तू कोन्या झाडाखाली बसते?"

मेघानं केस पुसत हे शेवटचं वाक्य ऐकलं.

"बाबा, उद्या त्यानं मॅडमले सांगतलं त? माह्या बापानं चोर म्हनलं म्हनून? मी तोंड कसं दाखवू?"

"मी चोर म्हनलो नाई. झाड इचारलं."

"आजपासून माह्या कामाले हात नाई लावाचा. आकडे नाई पुकाराचे. झेरॉक्स आना, तेवढे उपकार करा."

तेव्हापासून ते फक्त झेरॉक्स आणत होते. आणि पानं मोजत होते.

मेघाला आता त्या कामातून एक गोष्ट मिळायची होती. तेवीस पेपरांचे बिंदू एकत्र केल्यावर उजव्या कानाच्या मागच्या भागात एक स्पष्ट नारिंगी डाग उभा राहिला होता: संशयाची जागा. हैदराबादच्या एका परिषदेत तो ती स्वतः मांडणार होती, पहिलं नाव तिचं. तिथं तिच्याकडं बघून कोणी पीएचडीला घेईल अशी आशा होती. अंकिता मॅडम शुक्रवारी सारांश पाठवणार होत्या. मेघानं तपासायला शेवटच्या काही पेपरांचे प्रिंट मागवले, आणि सोमवारी सकाळी हरिदासजी पायरीवर उभे राहून तेच मोजत होते.

एका तक्त्यावर त्यांचा अंगठा थांबला. त्रेपन, वजा एकोणपन्नास, तेवीस.

हे त्यांनी पुकारलं नव्हतं. तरी ओळखीचं वाटलं. खालची ओळ: दोन, एक्कावन, चौदा. हेही पुकारलं नव्हतं. आणि तरीही गावात एखादा माणूस समोरून येतो, मिशी काढलेली असते, नाव आठवत नाही, पण चाल ओळखीची असते, तसं झालं.

"काय काकाजी, कमी भरलं?"

"नाई," हरिदासजी म्हणाले. "जास्त भरून राह्यलं."

घरी येऊन त्यांनी जुन्या गठ्ठ्यातला एक पेपर काढला. चोपन, वजा बावन, बावीस. दोन, बावन, अठरा. वर्ष वेगळं, लेखकांतलं पहिलं नाव वेगळं, माणसं तिथं चोवीस, इथं एकतीस. एक नव्या नकाशावर, एक जुन्या. शहर मात्र तेच. त्यांनी दोन्ही पेपर शेजारी ठेवून पुन्हा पाहिले. कारण हे त्यांनी शेतात शंभरदा पाहिलं होतं: एकाच रानाची दोन टिपणं, एक या दगडावरून मोजलेलं, एक त्या दगडावरून. आकडा एकही सारखा नाही, आणि रान एकच.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपला संशय खोटा निघावा असं वाटलं. एकदा चुकलो आहोत, हे त्यांनी स्वतःला बजावलं. अश्वजितचं हसू आठवलं. आता बोललो आणि पुन्हा चुकलो, तर पोरगी झेरॉक्सही आणू देणार नाही. आणि बरोबर निघालो तर? तर त्याहून वाईट. मंगळवारी दुपारी मेघा बँकेत गेली, तेव्हा त्यांनी आलेखाचे दोन कागद काढले. एका कागदावर एका पेपरचे बिंदू टाकले, दुसऱ्यावर दुसऱ्याचे, वरून पाहावं तसे. तिसरा आकडा प्रत्येकाच्या बाजूला बारीक लिहिला. मग दोन्ही कागद एकावर एक धरून पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला चिकटवले. उन्हानं कागद पेटल्यासारखे उजळले.

तानाबाई मागं येऊन उभी राहिली. "काच पुसून राह्यले का?"

"मोजून राह्यलो."

"पोरगी बोलली ना हात लावाचा नाई म्हनून?"

"म्हनूनच तिले नाई सांगतलं."

"मंग मले सांगा."

हरिदासजींनी वरचा कागद बोटभर सरकवला, किंचित फिरवला. एक बिंदू बिंदूवर बसला. दुसरा जवळजवळ. तिसरा. चौथा. अकरापैकी आठ. खालच्या कागदावरचे तीन मोकळे राहिले. त्यांनी कागद काढला, उलटा लावला, न जुळावा म्हणून प्रयत्न केला. उलटा लावल्यावर एकही बसला नाही. पुन्हा सुलटा लावला. आठ बसले.

तानाबाई बराच वेळ पाहत राहिली. तिला आकडे कळत नव्हते, नवरा कळत होता. "तुमी खूश काऊन नाई?" तिनं विचारलं. "एरवी चार इंच सापडले त गल्लीभर सांगता."

दार वाजलं. मेघा आत आली आणि खिडकीपाशी थांबली.

"हे काय हाये?"

"पोरी, पयले ऐकून घे. मी चुकत असन—"

"माह्ये पेपर हाये हे! बाबा, तुमाले सारं जगच दगड सरकोनारं दिसते का?"

"दिसते," हरिदासजी म्हणाले. "पन इथं कोनं दगड सरकोला असं नाई म्हनत मी. एकच शेत दोनदा मोजलं, एवढंच म्हनतो. आन तू ते दोन शेतं म्हनून लिहिलं."

"डुप्लिकेट असते त कॉम्प्युटरनं पकडलं असतं."

"कॉम्प्युटर सारखे आकडे पकडते. हे सारखे नाईच. हे पाह्य."

ती पाहायला तयार नव्हती. पर्स खुर्चीवर टाकली, पाणी प्यायली, परत आली. मग तिनं स्वतःच वरच्या कागदाचा कोपरा उचलला आणि हळू खाली सोडला. बिंदू बिंदूंवर बसले. तिनं पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. मग ती खुर्चीवर बसली आणि दोन्ही पेपरांची शेवटची पानं वाचू लागली, ती बारीक अक्षरं जी कोणी वाचत नाही. नव्या पेपराच्या तळटीपेत एक ओळ होती: काही सहभागींची माहिती आमच्या आधीच्या अभ्यासातली आहे. किती जणांची, ते नव्हतं.

"चोरी नाई केली त्यायनं," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "सांगतलं हाये. मीच वाचलं नाई. अश्वजितनं बी नाई वाचलं." म्हणजे दोघांनी एकाच पानावरून एकच चूक केली होती, आणि संगणकाला त्यात फरक दिसला नव्हता.

"मंग आता?"

"आता एक पेपर काढून पाहाचा."

तिनं जुना पेपर यादीतून वगळला आणि सॉफ्टवेअर पुन्हा चालवलं. त्याला अर्धा तास लागायचा. तानाबाईनं चहा ठेवला. हरिदासजी खिडकीतून बाहेर पाहत होते, शेजाऱ्याची भिंत समोर असून त्यांना दिसत नव्हती. पडद्यावर मेंदू उमटला. राखाडी, स्वच्छ. कानामागं काहीच नव्हतं. त्या डागात पाच पेपर होते, त्यातले दोन हे. एक गेला आणि गर्दी मोडली.

मेघा पडद्याकडं बघत म्हणाली, "बाबा, कोनाले समजलं नसतं."

हरिदासजींनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या जिभेवर होतं, 'मले समजलं ना', पण ठरवणं आता तिचं होतं, त्यांचं नव्हतं.

"शुक्रवारी जाऊ देऊ शकतो मी," ती पुढं म्हणाली. "तळटीप कोन वाचते? मॅडम नाई वाचत. हैदराबादले बी कोनी नाई वाचनार." तिनं त्यांच्याकडं पाहिलं. "काही त बोला! आता चूप काऊन?"

"मी बोललो त मोजनी माह्यी होईन," हरिदासजी म्हणाले. "सही तुह्यी हाये."

ती उठून मागच्या अंगणात गेली. तानाबाई तिच्यामागं निघाली, तर हरिदासजींनी हातानं अडवलं. बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये मेघा कितीतरी वेळ उभी होती, एका ओढणीचं टोक पिळत, जी केव्हाच वाळली होती. मग आत आली आणि त्या संशोधकांना पत्र लिहिलं: तुमच्या एकतीसमधले किती जण आधीच्या चोवीसमधले?

गुरुवारी सकाळी उत्तर आलं. अगदी सभ्य, दोन ओळींचं. सगळेच्या सगळे चोवीस. सात नवीन.

तिनं फोन उचलला आणि अंकिता मॅडमना लावला, स्पीकरवर, म्हणजे बाबांनाही ऐकू यावं. घरातली भाषा बाजूला ठेवून ती म्हणाली, "मॅडम, माझ्याकडून एक चूक झाली आहे. दोन पेपर त्याच माणसांवरचे आहेत. मी ते वेगळे धरले. एक काढला की निकाल राहत नाही."

हरिदासजी दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

"तू तपासलंस?"

"लेखकांना विचारलं. चोवीसच्या चोवीस तेच."

"कसं सापडलं तुला? आकडे तर वेगळे असणार."

मेघानं वडिलांकडं पाहिलं. "मला नाही सापडलं. माझ्या वडिलांना सापडलं. ते जमीन मोजायचे."

मग मॅडम म्हणाल्या, "उद्या काही पाठवायचं नाही. उरलेले बावीसही अशाच नजरेनं पाहा, एकेक गट, एकेक शहर. जे उरेल ते लिहू. जागा सापडली नाही असं निघालं तर तसंच लिहू. हैदराबाद यंदा गेलं, मेघा. सॉरी. पण बरं केलंस."

फोन बंद झाला. मेघानं तो टेबलावर पालथा ठेवला. डोळे भरले होते, पण खांदे उतरले नव्हते. तानाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे माय, पुढच्या वर्षी जाजो."

हरिदासजी चौकटीतून हलले नाहीत. कपाळाला आठी होती.

"आता काय झालं?" मेघानं विचारलं.

"ते 'बरं केलंस' म्हनल्या ना..." त्यांनी आवाज खाली आणला, जणू फोन अजून ऐकत होता. "खरंच मनापासून म्हनल्या, का वरवर?"

मेघाला हसू फुटलं, रडत्या डोळ्यांनीच, आणि ते थांबेना. "मनापासून, बाबा."

"तुले कसं समजलं?"

"समजलं."

हरिदासजींनी मान हलवली. पटलेलं नव्हतं. पण खुर्ची ओढून ते तिच्या बाजूला बसले आणि बावीस पेपरांचा गठ्ठा स्वतःकडं घेतला.